रिसेप्टरला दोष देण्याआधी मीडियमचं लेबल वाचा

तुमच्या फसलेल्या प्रयोगाचं वर्णन वाचून पोटात गोळाच आला. पीसी-१२ पेशी (उंदराच्या गाठीतून काढून प्रयोगशाळेत वाढवलेल्या), त्यांना २४ तास आधी एनजीएफ, म्हणजे चेतापेशी जगवणारं प्रथिन, मग मारायला हायड्रोजन पेरॉक्साइड; एनजीएफ वाचवतं का ते बघायचं. ४०० मायक्रोमोलरला पेशी ढिम्म, २ मिलिमोलरला एकजात खलास, आणि एनजीएफ दिलं काय, न दिलं काय, आकडे तेच. वर गाइड म्हणतात, पेशींवर ट्रक-ए (एनजीएफ ज्याला चिकटतं तो रिसेप्टर) उरलेलाच नाही, गोठवलेल्या पेशींची नवी व्हायल उघडा. हे मी सात महिने ऐकलंय.

व्हायल उघडू नका. फ्रिजमधली डीएमईएमची, म्हणजे पेशी वाढवायच्या मीडियमची, बाटली काढा आणि लेबलवर सोडियम पायरुव्हेट आहे का बघा.

माझा इंडेंट (खरेदीची मागणी) नेहमी पायरुव्हेट नसलेल्या डीएमईएमचाच असायचा. एका मार्चअखेरीस परचेसवाल्यांनी परस्पर दुसरा कॅटलॉग नंबर मागवला, का तर तो रेट कॉन्ट्रॅक्टमध्ये बसत होता. पुढे भांडायला गेलो तर उत्तर मिळालं, "डीएमईएमच आहे ना? रंगही तोच आहे." रंग तोच होता, हे खरं. पण डिलिव्हरी चलानवर सही माझी होती आणि बारीक अक्षरातली ती ओळ मीच वाचली नव्हती: पायरुव्हेट, लिटरला ११० मिलिग्रॅम. म्हणजे १ मिलिमोलर. ते पेरॉक्साइडला मीडियममध्येच गाठतं आणि त्याचं पाणी करून टाकतं, स्वतः अॅसिटेट आणि कार्बन डायऑक्साइड होतं. आपण ४०० ओतले म्हणून वहीत लिहितो, पेशीला त्यातलं फारसं काही लागतच नाही.

मग मी काय केलं? डोस चढवत नेला. पायरुव्हेट संपेपर्यंत शांतता, आणि ते संपलं की एकदम दणका. माझ्या मते खरा घोळ इथेच आहे. ट्रक-ए पेशीला चिलखत घालत नाही, पेशीचा स्वतःहून मरायचा निर्णय रोखून धरतो. एनजीएफ चिकटलं की पीआय-३ कायनेज हे एन्झाइम जागं होतं, तिथून एकेटी हे दुसरं; एकेटी बॅड या मारक प्रथिनावर फॉस्फेट लावतं, बॅडला १४-३-३ हे प्रथिन धरून ठेवतं, पेशी जगवणारं बीसीएल-एक्सएल मोकळं राहतं आणि मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम सी, म्हणजे मरणाचा इशारा, गळत नाही. पण दणक्यानं पेशीचं इंधन, एटीपीच संपलं, पडदाच फाटला, तर एकेटी फॉस्फेट आणणार कुठून? तिथे रिसेप्टर नापास झाला म्हणणं अन्याय आहे.

चीड याची येते की पुरावा माझ्याच वहीत होता. त्याच पेशींचं सीरम (मीडियममध्ये घालतात ते पोषक रक्तद्रव्य) काढलं होतं, तेव्हा एनजीएफवाल्या तगल्या, बाकीच्या मेल्या. पीसी-१२ बद्दल हे १९७८ पासून माहीत आहे. म्हणजे ट्रक-ए ठणठणीत होता. तुम्हीही आधी हेच करा, दोन-तीन दिवसांचं काम आहे. बरोबर एनजीएफ दिल्यावर १० मिनिटांनी फॉस्फो-एकेटीचा ब्लॉट (जागं झालेलं एकेटी दाखवणारी चाचणी). दोन्ही आलं तर गाइडना शांतपणे दाखवा. शांतपणे, मी आवाज चढवला होता.

बाटली बदलल्यावर १५० मायक्रोमोलरला माझ्या निम्म्या पेशी मेल्या, एनजीएफवाल्या वेलमध्ये (प्लेटच्या खणांत) बऱ्याच कमी. तुमचा आकडा वेगळा येईल, पेशींची दाटी आणि सीरम किती यावर तो हलतो. पेरॉक्साइड त्याच दिवशी पातळ करा, कालचं नको.

संरक्षण दिसलं की के-२५२ए हे ट्रक-ए रोखणारं रसायन टाकून ते जातं का तेही बघा, व्हायव्हात पहिला प्रश्न हाच येतो. आणि नुसत्या एमटीटी या रंग-चाचणीवर पेपर लिहू नका. तो जांभळा रंग चयापचयाचा आहे, मरणाचा नाही. सोबत एलडीएच (फुटलेल्या पेशीतून गळणारं एन्झाइम) किंवा कॅस्पेज-३ (पेशी स्वतःहून मरताना जागं होणारं एन्झाइम) मोजलेलं हवंच. पेशी ट्रिप्सिन या एन्झाइमनं सोडवत असाल तर ते थांबवा, पृष्ठभागावरची प्रथिनं छाटली जातात. सुईतून दोन-चारदा ओढल्या तरी गुठळ्या सुटतात.

जाता जाता, याच पेशींवर पी-७५ हा एनजीएफचा दुसरा रिसेप्टर सुद्धा असतो. एनजीएफचं कच्चं रूप, प्रो-एनजीएफ, सॉर्टिलिन या दुसऱ्या प्रथिनाच्या जोडीनं त्याला चिकटलं तर मारायचाच संदेश जातो. त्यामुळे थीसिसमध्ये "एनजीएफ पेशींना वाचवतं" असं सरसकट लिहू नका.

बेंच सोडून मला चार वर्षं झालीत, तेव्हा हे सगळं ताडून घ्या. आणि तुमचं मीडियम आरपीएमआय असेल (त्यात मुळात पायरुव्हेट नसतं), वरून पायरुव्हेट घातलेलं नसेल, तर माझी अर्धी बडबड बाद. लेबलचा फोटो टाका, मग पुढचं बघू.