निकॉन एफई (फिल्म कॅमेरा) आहे, ५० मिमी लेन्स आहे. कमी बजेटमध्ये दुसरी बॉडी कुठली घेऊ? (म्हापसा)

माउंट (लेन्स बॉडीला जोडायची पद्धत) बदलू नका, नाहीतर पैसे लेन्समध्येच जातील. जुनी निकॉन एफएम बघा. एफईची बॅटरी संपली की हाती फक्त १/९० सेकंद आणि बल्ब (बटण दाबून धराल तोवर शटर उघडा) उरतात. एफएमचा शटर पूर्ण यांत्रिक, सेल फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला (दोन एलआर४४). वर एफएम२चं (एफएमनंतरचं मॉडेल) नाव आलं की भाव चढतो, त्याची गरज नाही.

घेताना मागचं झाकण उघडून १ सेकंद लावा: शटर मध्येच अडखळला तर सोडून द्या. मग १/१०००ला उजेडासमोर धरा, चौकट पूर्ण उजळली पाहिजे. मीटर मेलेला वाटला तर आधी फिल्म पुढे सरकवायचा लीव्हर थोडा बाहेर ओढा, तोच त्याचा स्विच.

मागच्या झाकणाच्या कडेचा, उजेड अडवणारा फोम डांबरासारखा चिकट झालेला असणारच. भाव पाडायला चांगलं कारण, पण दोष मोठा नव्हे: टूथपिक आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने खरवडा, खाचेत काळी लोकर बसवा. कचरा शटरच्या पात्यांवर पडू देऊ नका.

गोव्याच्या पावसाळ्यात चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. हवाबंद डबा, सिलिका जेल, बस्स.