इलेक्ट्रॉन तिथे ‘असतो’ की ‘आढळतो’?

प्रश्न असा आला आहे: एका विज्ञानलेखात ‘मोजण्यापूर्वी इलेक्ट्रॉन एकाच वेळी सगळीकडे असतो’ आणि ‘पाहताच त्याचे तरंगफलन कोसळते’ अशी दोन वाक्ये आहेत. ती मराठीत बरोबर आहेत का? आणि तरंगफलन म्हणजे इलेक्ट्रॉनची लाट असेच समजायचे का?

पहिल्या वाक्यातले ‘सगळीकडे असतो’ काढून ‘अनेक ठिकाणी आढळू शकतो’ असे लिहा. तेवढ्याने ते पुंजयामिकीच्या, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या शास्त्राच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या), हिशेबात बसते. ‘असतो’ ठेवलेत तर ते एका विशिष्ट मताचे वाक्य होते आणि ते मत कुणाचे हेही सांगावे लागते. वस्तू ‘असते’ म्हटले की आपण वस्तूबद्दल बोलतो. ‘आढळते’ म्हटले की शोधल्यावर काय मिळाले याबद्दल. मराठीत हा फरक एका क्रियापदात दाखवता येतो, तर तो दाखवावाच असे मला मनापासून वाटते.

आता तरंगफलन. यातला फलन हा शब्द गणितातला आहे. जागा आणि वेळ सांगितली की तरंगफलन त्या जागेसाठी एक संख्या देते. ही संख्या साधारणपणे संमिश्र असते, म्हणजे तिला आकारमान आणि कला (लाटेच्या चक्रातला टप्पा, इंग्रजीत फेज) अशी दोन अंगे असतात. समुद्राच्या लाटेची उंची मोजता येते. ही संख्या मात्र कोणत्याही उपकरणाच्या काट्यावर थेट वाचता येत नाही. मग ‘तरंग’ कशासाठी? तरंगफलन कसे बदलत जाते हे सांगणाऱ्या, भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगर यांनी १९२६ साली मांडलेल्या समीकरणाची दोन उत्तरे घेतली, तर त्यांची बेरीज हेही उत्तरच असते, आणि त्या बेरजेत लाटांप्रमाणे एक दुसरीला वाढवते किंवा पुसून टाकते. तरंग आहे तो या वागण्यात.

खुद्द श्रोडिंगर यांना सुरुवातीला वाटले होते की इलेक्ट्रॉनचा विद्युतभारच खरोखर असा पसरलेला असावा. ‘इलेक्ट्रॉनचा ढग’ हा शब्दप्रयोग वाचताना आजही वाचकाच्या मनात हेच चित्र उभे राहते. अडचण अशी की शोधकावर, म्हणजे कण टिपणाऱ्या उपकरणावर, दर वेळी अख्खा इलेक्ट्रॉन मिळतो, पूर्ण विद्युतभारासह. पाव किंवा अर्धा कधीच मिळत नाही. त्याच वर्षी भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न यांनी वेगळा अर्थ लावला: या संख्येवरून कण कुठे आढळेल याची संभाव्यता कळते. मूळ मजकुरात त्यांनी संभाव्यता थेट त्या संख्येशी जोडली होती; मुद्रिते तपासताना तळटीप घालून ती संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते अशी दुरुस्ती केली. १९५४ च्या नोबेलमागे प्रामुख्याने हाच अर्थ होता, आणि त्यातला कळीचा भाग त्या तळटिपेत होता!

यावर बरेच जण म्हणतात, मग सरळ ‘इलेक्ट्रॉन कुठेतरी एका जागी असतोच, फक्त आपल्याला ठाऊक नसते’ असे का लिहू नये? कारण वर्ग करण्याआधी बेरीज होते. दोन चिरांचा प्रयोग घ्या: दोन बारीक चिरा असलेल्या आडोशावर इलेक्ट्रॉन सोडतात, आणि पलीकडच्या पडद्यावर ते कुठे आढळले याचे उजळ व काळे पट्टे दिसतात. पडद्यावरच्या एका ठिपक्यापाशी पहिल्या चिरेकडून ०.१ आणि दुसरीकडून ०.१ अशा संख्या येत असतील, तर बेरीज ०.२ आणि तिचा वर्ग ०.०४. शेजारच्या ठिपक्यापाशी ०.१ आणि उणे ०.१ आल्या, तर बेरीज शून्य. तिथे इलेक्ट्रॉन आढळतच नाही. ‘या चिरेतून किंवा त्या चिरेतून’ असा साधा हिशेब केला असता, तर दोन्ही ठिकाणी ०.०१ अधिक ०.०१ म्हणजे ०.०२ आले असते. पट्टे दिसलेच नसते. एक चीर बंद केली की काळ्या जागी इलेक्ट्रॉन येऊ लागतात, हे तर ‘किंवा’ला अजिबात पेलत नाही.

हे केवळ कागदावरचे नाही. १९८९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी जपानमध्ये एका वेळी जवळपास एकच इलेक्ट्रॉन उपकरणात असेल अशी व्यवस्था केली. पडद्यावर एकेक ठिपका उमटत गेला. सुरुवातीला सगळे विस्कळीत, आणि हजारो ठिपके जमल्यावर स्पष्ट पट्टे. प्रत्येक ठिपका म्हणजे एक ‘आढळला’. पट्ट्यांची नक्षी तरंगफलनाची.

तरीही ‘असतो’ लिहिणे सरसकट चूक म्हणता येणार नाही. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोम यांच्या १९५२ च्या मांडणीत कणाला सदैव निश्चित जागा असते, तो एकाच चिरेतून जातो आणि तरंगफलन त्याला वाट दाखवते. त्यासाठी मोजावी लागणारी किंमत मोठी आहे: एका कणाचा वेग दूरच्या कणाच्या त्याच क्षणीच्या जागेवर अवलंबून ठरतो. म्हणून ‘बोम यांच्या मते इलेक्ट्रॉन एका जागी असतो’ हे वाक्य निर्दोष आहे. नाव गाळले की ते सर्वमान्य तथ्य असल्यासारखे वाचले जाते.

‘पाहताच कोसळते’ यातल्या दोन्ही शब्दांवर माझा आक्षेप आहे. ‘पाहताच’मुळे कुणाच्या तरी डोळ्यांची गरज भासते; फोटोची काच किंवा शोधक पुरेसा असतो, खोलीत कुणी नसले तरी. तिथे ‘मोजणी होताच’ म्हणावे. ‘कोसळते’ हा शब्द इतका रुळला आहे की तो हटवणे कठीण, पण त्यातून एखादी वस्तू धाडकन पडल्याचे चित्र उभे राहते. गणितज्ञ फॉन नॉयमन यांनी १९३२ मध्ये हा बदल श्रोडिंगरच्या समीकरणाहून वेगळी प्रक्रिया म्हणून मांडला. भौतिकशास्त्रज्ञ एव्हरेट यांच्या १९५७ च्या मांडणीत असा बदल होतच नाही. समीकरण अखंड चालू राहते आणि मोजणीचे सगळे निकाल आपापल्या शाखेत घडतात. तरंगफलनाला केवळ आपल्या माहितीची नोंद मानणाऱ्यांच्या दृष्टीने कोसळण्यासारखे काही नसतेच, नोंद सुधारते इतकेच. मी ‘मोजणीनंतर तरंगफलन बदलते’ असे लिहीन. ते तिन्ही गोटांत चालेल असे नाही, एव्हरेटवाले ‘कुणासाठी?’ असे विचारतीलच. पण सामान्य वाचकाला ते चुकीच्या वाटेने नेत नाही.

आणखी एक जागा तपासून घ्या. हीलियमच्या अणूबद्दल लिहिताना ‘दोन इलेक्ट्रॉनांची दोन तरंगफलने’ असे सर्रास लिहिले जाते. अंदाजे हिशेबासाठी तसे धरतात, पण खरे तरंगफलन दोघांचे मिळून एकच असते आणि त्याला सहा संख्या द्याव्या लागतात, प्रत्येक इलेक्ट्रॉनच्या जागेच्या तीन. दहा इलेक्ट्रॉन असतील तर तीस. आपल्या तीन मितींच्या जागेत हे फलन मावतच नाही. ‘इलेक्ट्रॉनची लाट’ हा शब्द मला नको वाटतो तो मुख्यतः यामुळे. तेव्हा तिथे ‘दोन्ही इलेक्ट्रॉनांचे तरंगफलन’ असे एकवचनच ठेवा.