‘एकदाच’ म्हणजे एकदाच : नौदलाच्या विमानसेवेविषयी प्रश्नोत्तरे

भरतीची जाहिरात निघाली की त्याच चार-पाच शंका घेऊन पत्रे येऊ लागतात, आणि त्यांतल्या निम्म्या तरी ऐकीव माहितीवर पोसलेल्या असतात. या वेळी त्या एकत्रच घेतल्या आहेत.

प्रश्न : मुलींना नौदलात वैमानिक होता येते का?

उत्तर : येते; डिसेंबर 2019 मध्ये शिवांगी नौदलाच्या पहिल्या महिला वैमानिक झाल्या आणि 2025 मध्ये आस्था पुनिया यांची लढाऊ विमानांच्या शाखेसाठी निवड झाली.

प्रश्न : माझा मुलगा हवाई दलाच्या वैमानिक चाचणीत अनुत्तीर्ण झाला. नौदलासाठी ती पुन्हा देता येते, असे सांगून एका खासगी वर्गाने शुल्क घेतले आहे. पुढे काय करावे?

उत्तर : आधी शुल्क परत मागावे. वैमानिक निवडीची ही संगणकीकृत चाचणी (सीपीएसएस) आयुष्यात एकदाच देता येते, आणि तीत अनुत्तीर्ण झालेल्या उमेदवाराला हवाई दलाचे काय किंवा नौदलाचे काय, वैमानिकपदाचे दार बंद होते. हे जाहिरातीत स्पष्ट छापलेले असते. पण जाहिरात कोणी वाचत नाही आणि वर्गवाल्यांचे पत्रक मात्र घरभर फिरते. चाचणीत पाठांतर कामाला येत नाही. जुन्या यंत्रावर पडद्यावरचा सरकता ठिपका हातातल्या दांड्याने आणि पायांखालच्या पट्ट्यांनी चौकटीत धरून ठेवायचा असे आणि मध्येच पेटणारे दिवे त्याच वेळी डाव्या हाताने विझवायचे असत. ठिपक्यामागे लागलेल्या मुलाला दिवे दिसतच नसत आणि दिव्यांमागे लागलेल्याच्या हातून ठिपका सुटे. पद्धत आता बदलली असली तरी जोखले जाते ते हेच अवधान. घरगुती खोक्यावर सराव करवून ‘हमखास यश’ विकणाऱ्यांपेक्षा रात्रभराची झोप आणि चाचणीपूर्वीच्या सूचना नीट ऐकणे अधिक उपयोगी पडते. अंगात ताप असताना किंवा रात्रभर प्रवास करून यंत्रासमोर बसणे हा शुद्ध अविचार आहे. अडचण असेल तर ती चाचणी सुरू होण्यापूर्वी अधिकाऱ्यांच्या कानावर घालावी. आपल्या मुलासाठी मात्र एक वाट उघडी आहे. ज्याला आम्ही ऑब्झर्व्हर म्हणतो त्या नौदल हवाई कामकाज अधिकाऱ्याला ही चाचणी द्यावी लागत नाही. पी-8आय विमानात पाणबुडीचा माग काढणे आणि रडार व शस्त्रे हाताळणे हे त्याचे काम असते. (मी याच शाखेतला, तेव्हा पक्षपाताचा आरोप मान्य आहे.) अर्ज करण्यापूर्वी वयाची आणि शिक्षणाची अट नौदलाच्या भरती कार्यालयाकडून तपासून घ्यावी.

प्रश्न : चष्मा आहे. लेझर शस्त्रक्रिया आताच करून घेऊ का?

उत्तर : आताच नको. आधी त्या प्रवेशाचे वैद्यकीय निकष वाचावेत आणि लष्करी रुग्णालयातील नेत्रतज्ज्ञांचे मत घ्यावे, कारण घाईने केलेली शस्त्रक्रियाच अपात्रतेचे कारण ठरू शकते. जन्मजात रंगांधत्व तर कोणत्याच शस्त्रक्रियेने जात नाही, मग दवाखान्याच्या फलकावर काहीही लिहिलेले असो.

प्रश्न : जहाजावर विमान उतरवणे खरोखरच इतके कठीण असते का?

उत्तर : असते. नव्या ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजाच्या डेकवर आडव्या ताणलेल्या तीन पोलादी तारांपैकी एक शेपटाखालच्या हुकात अडकावी लागते, आणि चाके टेकताक्षणी वैमानिक इंजिनाचा जोर कमी करत नाही, उलट पूर्ण वाढवतो, कारण तार हुकली तर त्याला त्याच झेपेत पुन्हा आकाशात जायचे असते. गोव्यात दाबोळीच्या ‘हंसा’ तळावर किनाऱ्यावरच अशा तारा आणि चढणीची धावपट्टी उभारून याचा सराव करवला जातो.

प्रश्न : वैमानिक अधिकाऱ्याला वरची पदे मिळतात का?

उत्तर : 18 मे 1961 रोजी जुन्या ‘विक्रांत’वर पहिल्यांदा विमान उतरवणारे भारतीय वैमानिक आर. एच. ताहिलियानी पुढे नौदलप्रमुख झाले. देवळालीच्या बार्न्स शाळेत शिकलेले करमबीर सिंग हेलिकॉप्टर वैमानिक होते. 2019 मध्ये तेही त्या पदावर पोहोचले.

प्रश्न : निवृत्तीनंतर प्रवासी विमान कंपनीत नोकरी लगेच मिळेल ना?

उत्तर : ‘लगेच’ हा शब्द सोडून द्यावा. नागरी परवान्याच्या परीक्षा वेगळ्या असतात आणि हेलिकॉप्टरचे तास म्हणजे विमानाचे तास नव्हेत. लॉगबुकातील नोंदींवर सह्या सेवेत असतानाच घ्याव्यात; त्या निवृत्तीनंतर गोळा करत हिंडणारे अधिकारी मी पाहिले आहेत. परवान्याची प्रक्रिया नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे निदान वर्षभर आधी विचारून घ्यावी, एजंटाकडे नव्हे.