‘जाते’ म्हणालीस म्हणून नव्हे

प्रिय चिमणे,

आपल्या गाडीच्या अपघातानंतर रोडहाऊसमधल्या, म्हणजे हमरस्त्यावरच्या त्या मुक्कामाच्या जागेतल्या, दुसऱ्या सकाळी माझ्या चहाच्या कपाखाली तू ठेवलेली चिठ्ठी मी अजून पाकिटात जपून ठेवली आहे. तिच्यात तू लिहिले होतेस, “पर्थहून निघताना आजीला मी फोनवर ‘जाते’ म्हणाले. ती म्हणाली, ‘जाते नाही ग, येते म्हण.’ मी हसले आणि फोन ठेवला. म्हणून हे झालं का? आणि आपण तर ख्रिस्ती आहोत ना, मग आपण असं का मानतो?” त्या दिवशी मी “नाही ग, वेडे” एवढेच म्हणून तुला जवळ घेतले. पण घरी परतल्यापासून पाहतो आहे की शाळेला निघताना तू दारातून मागे फिरतेस, “येते” म्हणतेस आणि आम्ही ऐकले की नाही याची पुन्हा खात्री करून घेतेस. माझे उत्तर तुला पुरले नाही हे त्यावरून कळले, म्हणून हे पत्र सविस्तर लिहितो आहे. अवघड शब्द आईला विचार.

आधी झाले काय ते नीट सांगतो, कारण त्यात लपवण्याजोगे जे आहे ते माझे आहे. ईस्टरच्या सुट्टीत मामाकडे ॲडलेडला जायचे म्हणजे सुमारे 2,700 किलोमीटरचा रस्ता. पहिला मुक्काम नॉर्समनला झाला. दुसऱ्या दिवशी आपण उशिरा उठलो, वाटेत रेंगाळलो आणि बॅलाडोनियाला पेट्रोल भरेपर्यंत दुपारचे चार वाजून गेले. तिथल्या काउंटरवरच्या बाईंनी मला स्पष्ट सांगितले होते की आता रात्र इथेच काढा, सूर्य कलला की कांगारू रस्त्यावर येतात. पुढे एकही वळण नसलेला 146.6 किलोमीटरचा सरळ रस्ता आहे, तो दीड तासात सहज मागे टाकू, असा हिशेब मी मनात केला. आपण ओलांडत होतो त्या मैदानाच्या ‘नलारबोर’ या नावाचा अर्थच ‘झाड नाही’ असा असला, तरी त्या सरळ पट्ट्याच्या दोन्ही कडांना झुडपे आणि खुरटी झाडे आहेत, हे तू पाहिलेस. दिवसभर त्यांच्या सावलीत पडून राहिलेली जनावरे तिन्हीसांजेला चरायला निघतात, आणि दिव्याच्या झोतात कांगारू बिचकला म्हणजे तो कोणत्या बाजूला उडी घेईल हे कोणालाही सांगता येत नाही. पुढचा थांबा, कायगुना, चाळीसेक किलोमीटरवर राहिला असताना आपल्यापुढे आलेला कांगारू डावीकडून आला. मी ब्रेक दाबला, स्टिअरिंग वळवले नाही, आणि तेवढे एकच काम मी त्या दिवशी शहाणपणाने केले. रेडिएटर फुटला, बॉनेटमधून वाफ आली, आणि फोनला रेंज नव्हती.

तेव्हा या अपघाताचे कारण कोणी विचारले तर ते माझी घाई हे आहे. तुझ्या एका क्रियापदावर ते ढकलून मी मोकळा होणार नाही.

आता तुझ्या प्रश्नातला खरा काटा. निघण्यापूर्वी गाडीत आईने बायबलमधले 121वे स्तोत्र वाचले होते आणि आपण चौघांनी हात जोडून प्रार्थना केली होती, हे तुला आठवत असेलच. त्या प्रार्थनेपेक्षा तुझ्या तोंडून चुकून निसटलेला एक शब्द वरचढ ठरला, असे मानायचे झाले तर आपण नेमके कोणाला भजतो, असा प्रश्न पडेल. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहातील बुरूज पडून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती माणसे यरुशलेमेतल्या इतर सर्वांपेक्षा अधिक अपराधी होती असे तुम्हाला वाटते काय, असे येशूने ऐकणाऱ्यांना विचारले आणि स्वतःच ‘नाही’ म्हणून सांगितले. बुरूज का पडला याचा खुलासा त्याने केला नाही. तू मात्र आपला बुरूज कोणामुळे पडला ते दोन दिवस शोधत बसलीस, आणि सगळ्यांत लहान व सगळ्यांत जवळचा अपराधी तुला सापडला, तो म्हणजे तू स्वतः.

याच चुकीचे उलटे रूपही असते, तेही सांगून ठेवतो. परत आल्यावर चर्चमधल्या एका सद्गृहस्थांनी मला समजावले की पुढे याहून मोठा अपघात होणार होता, तो टाळण्यासाठीच देवाने कांगारू पाठवला. त्यांचा हेतू प्रेमाचा होता, म्हणून मी मान हलवली, पण मला ते पटले नाही. पुढे काय होणार होते ते त्यांनाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. आपण वाचलो याबद्दल आईने रस्त्याच्या कडेला उभे राहून देवाचे आभार मानले, तेव्हा “आणि कांगारूचं काय?” असे तू विचारलेस. त्या सद्गृहस्थांच्या स्पष्टीकरणापेक्षा तुझा तो प्रश्न मला पवित्र शास्त्राच्या अधिक जवळचा वाटतो, कारण पित्याच्या इच्छेवाचून एक चिमणीदेखील भूमीवर पडत नाही, असे येशूने सांगितले आहे. ज्या ट्रकवाल्याला पाहताच, येशूच्या दृष्टान्तातल्या वाटेवरच्या जखमीला मदत करणाऱ्या परक्या माणसाची आठवण होऊन, आई “शोमरोनी आला” म्हणाली, त्याने आपल्याकडे वळण्यापूर्वी मेलेल्या कांगारूला पिशवी आहे का, पिशवीत पिल्लू आहे का, ते तपासले. तो नर निघाला. मग मांस खायला उतरणारे गरुड गाडीखाली सापडू नयेत म्हणून त्याने त्याला रस्त्यापासून दूर ओढून नेले, आणि त्यानंतर तो आपल्या रेडिएटरकडे आला.

मग आजी “येते म्हण” असे का म्हणते? आपल्या भाषेची ती जुनी रीत आहे. जे बोलताना जीव थोडा चरकतो, ते मराठी माणूस उलट बाजूने बोलतो. बांगडी फुटली असे न म्हणता वाढवली म्हणतात, नारळ फोडायचा नसतो तर वाढवायचा असतो, रात्री दुकान बंद करणारा वाणी दुकान वाढवतो, आणि दिवा विझवण्याऐवजी मालवतात. ‘गेला’ हा शब्द आपण मेलेल्या माणसासाठी वापरतो, म्हणून उंबऱ्यावरचे जिवंत माणूस ‘जातो’ म्हणत नाही. काही घरांत हे शकुन म्हणून पाळले जाते हे खरे आहे, आणि आजीच्या लहानपणी नगरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीतही ते तसे पाळणारे होते. पण आजीचे म्हणणे निराळे आहे. मी तुझ्याएवढा असताना हाच प्रश्न तिला विचारला होता. तेव्हा ती म्हणाली होती, “अरे, ‘जातो’ म्हणणाऱ्याला सोडायला जायचं असतं. ‘येतो’ म्हणणाऱ्याची वाट बघायची असते. मला वाट बघायला आवडते.”

आपले पूर्वज ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांचे घराणे मराठीच राहिले. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक, ज्यांची भजने आजी पेटीवर म्हणते, ते म्हणत की तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्तचरणी आलो. अभंग, ओवी आणि टाळ जसे त्या सेतूवरून आपल्याबरोबर आले, तसा हा ‘येतो’ही आला. आणि मला तर तो इकडे पोहोचल्यावर अधिकच आपल्या घरचा वाटतो. आईने वाचलेल्या त्या स्तोत्राची शेवटची ओळ पुन्हा काढून पाहा. परमेश्वर तुझे बाहेर जाणे आणि आत येणे संभाळील, असे तिथे म्हटले आहे. त्यात जाणे आहे आणि येणेही आहे. 120 ते 134 ही पंधरा स्तोत्रे यरुशलेमेला वर चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची मानली जातात, म्हणजे आपल्या वारीतल्या अभंगांसारखी, चालता चालता म्हणायची. ती म्हणणाऱ्यांच्या वाटेवर ऊन होते आणि चोरही होते. वाट निर्धोक असती तर संभाळणाऱ्याचे नाव त्यांनी एवढ्या वेळा घेतले नसते.

त्याच वाटेवर एका कुटुंबाची कशी फजिती झाली होती, तेही तुला ठाऊक आहे. वल्हांडण सण आटोपून मरीया आणि योसेफ घरी निघाले, मुलगा सोबत्यांच्या घोळक्यात असेल असे समजून दिवसभराची मजल चालले, आणि मग तो नाहीच असे त्यांच्या ध्यानात आले. त्यांना परत फिरावे लागले, आणि तो तीन दिवसांनी मंदिरात सापडला. येशू तेव्हा बारा वर्षांचा होता, तुझ्याएवढाच. मरीया त्याच्यावर रागावली, असे मला त्या ओळी वाचताना नेहमी वाटते, पण घरून निघताना कोणाचे काय चुकले होते याचा शोध त्या घराने घेतल्याचे लूकने लिहिलेले नाही.

पर्थपेक्षा पाऊण तास आणि नगरपेक्षा सव्वातीन तास पुढे असलेल्या त्या चमत्कारिक घड्याळाच्या गावातून मी आजीला फोन लावला, तेव्हा तू शेजारी उभी होतीस, पण तिचे बोलणे तुला ऐकू येत नव्हते. तिने पहिल्यांदा विचारले की पोरं जेवली का. मग विचारले की गाडी चालवत कोण होते. मी होतो म्हटल्यावर तिने मला, चाळिशी उलटलेल्या माणसाला, संध्याकाळी निघाल्याबद्दल जे सुनावले ते इथे लिहिण्यासारखे नाही. तुझ्या ‘जाते’चा तिने उल्लेखही केला नाही. तिला तो आठवतसुद्धा नव्हता.

तेव्हा ‘येते’ जरूर म्हण. आजीला ऐकायला आवडते म्हणून म्हण, आणि आई स्वयंपाकघरातून “ये ग” म्हणते ते ऐकण्यासाठीही म्हण. पण एखाद्या सकाळी विसरलीस तर कोपऱ्यापासून धावत मागे येऊ नकोस. या आठवड्यात तुझी बस दोनदा चुकली आहे.

तुझा,
बाबा