आयपीव्ही६ आल्यावर ऑनलाइन ओळख लपवणं अवघड झालंय का?

थोडं झालंय, हो. आयपीव्ही६ म्हणजे इंटरनेटवर डिव्हाइसला पत्ता देण्याची नवी पद्धत. जुन्या आयपीव्ही४चे पत्ते ३२ बिटचे, ते पुरेनात म्हणून राउटर नॅट करून अख्ख्या घराला एकच पत्ता वापरायला लावतो, मोबाइल नेटवर तर कितीतरी अनोळखी लोक एकाच पत्त्यामागे असतात, त्यामुळे गर्दीत आपोआप लपायला मिळायचं. आयपीव्ही६मध्ये पत्ता १२८ बिटचा, प्रत्येक डिव्हाइसला स्वतःचा. सुरुवातीला तर त्याच्या शेवटच्या ६४ बिटांत नेटवर्क कार्डचा मॅक नंबरच (कारखान्यातून मिळालेला त्याचा ओळख क्रमांक) घुसवायचे, मधोमध एफएफ-एफई दिसलं की समजायचं, म्हणजे तुम्ही वायफाय बदललं तरी शेपूट तेच! मला हे खरंच भयंकर वाटतं. २००१मध्ये यावर प्रायव्हसी एक्स्टेन्शन आलं, शेवटचा भाग रँडम आणि अधूनमधून बदलणारा, आता बहुतेक फोन-लॅपटॉपमध्ये ते चालूच असतं. पण पुढचा भाग प्रोव्हायडर देतो, तो बदलत नाही तोवर कनेक्शन ओळखता येतंच.

म्हणून मनापासून सांगतो, टॉर वापरा, म्हणजे तुमचं ब्राउझिंग मधल्या सर्व्हरमधून फिरवून नेणारं नेटवर्क. तिथे साधारण तीन रिले, म्हणजे असे मधले सर्व्हर, असतात, पहिल्याला तुमचा पत्ता कळतो, शेवटच्याला तुम्ही कुठे जाताय ते, दोन्ही एकाच रिलेला कळत नाही. फक्त आत जाऊन स्वतःच्या नावाने लॉगिन करू नका प्लीज.