सेवा हक्क कायदा : मुदत कधीपासून मोजायची, अपील कुठे करायचे?

प्रश्न : मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज करून महिना होत आला. चौकशीला गेले की ‘साहेब दौऱ्यावर आहेत, पुढच्या आठवड्यात या’ एवढेच उत्तर मिळते. पुढे काय करावे?

उत्तर : महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 अन्वये उत्पन्नाच्या दाखल्यासाठी 15 दिवसांची मुदत ठरलेली आहे. आवश्यक कागदपत्रांसह परिपूर्ण अर्ज दाखल झाला की त्या दिवसापासून ही मुदत सुरू होते, म्हणूनच पोचपावतीला फार महत्त्व आहे. पावतीवर अर्जाचा क्रमांक, दिनांक आणि सेवेची मुदत असलीच पाहिजे. नुसताच अर्ज ठेवून घेतला आणि पावती दिली नाही, तर विलंब सिद्ध करणे अवघड होते. अशा वेळी ‘आपले सरकार’ पोर्टलवरून किंवा सेवा केंद्रातून अर्ज करणे अधिक सुरक्षित. अर्ज नाकारायचा असेल, तर पदनिर्देशित अधिकाऱ्याने (ती सेवा देण्याची जबाबदारी सोपवलेल्या अधिकाऱ्याने) कारणे लेखी कळवली पाहिजेत आणि अपील कोणाकडे करायचे तेही सांगितले पाहिजे. ‘नंतर या’ या तोंडी उत्तराला कायद्यात स्थान नाही. तुमच्या अर्जाची मुदत उलटली असेल, तर आता पुन्हा हेलपाटा न घालता पावतीची प्रत जोडून प्रथम अपील दाखल करावे.

प्रश्न : पण अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठांकडे करायचे, मग न्याय कसा मिळणार?

उत्तर : शंका रास्त आहे. प्रथम अपील साधारणतः 30 दिवसांच्या आत करायचे असते आणि त्यावर 30 दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. त्यानंतरचे द्वितीय अपीलही खात्याअंतर्गतच असते, मात्र तिसरे अपील राज्य सेवा हक्क आयोगाकडे जाते आणि आयोग त्या खात्याच्या उतरंडीत येत नाही. पुरेशा कारणाविना सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कसूर करणाऱ्याला पाठीशी घालणारा प्रथम अपील अधिकारीही त्यातून सुटत नाही. माझ्या मते रकमेपेक्षा लेखी नोंदीचा धाक मोठा आहे, आणि बहुतेक अर्जदार तोंडी विनवण्यांतच थांबतात म्हणून तो वापरलाच जात नाही.

प्रश्न : आमच्या गावात चार दिवसांआड पाणी येते. त्यासाठी हा कायदा वापरता येईल का?

उत्तर : थेट नाही. विभागांनी अधिसूचित केलेल्या, म्हणजे अधिकृत यादी काढून जाहीर केलेल्या सेवांनाच तो लागू होतो. शहरांत नवीन नळजोडणी मुदतीत मागता येते, पण नळाला रोज पुरेसे पाणी येण्याची हमी हा कायदा देत नाही. या कायद्याची खरी मर्यादा हीच आहे, आणि ती मला मनापासून खटकते : दाखले आणि परवानग्या मोजायला सोप्या, म्हणून त्यांच्या मुदती ठरल्या, प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर हजर असणे, पाणी ठरल्या वेळी येणे यांवर मात्र माणसाचे रोजचे जगणे अवलंबून असूनही ती मुदतीच्या चौकटीबाहेर राहिली. विभागांना यादीत वेळोवेळी भर घालता येते. तशी मागणी लोकप्रतिनिधींकडे लेखी करावी. तोवर पाणीपुरवठ्याचा विषय ग्रामसभेत मांडून, ग्रामपंचायत विकास आराखड्यात त्या कामासाठी तरतूद करून घेणे आणि तो ठराव इतिवृत्तात नोंदवला गेला की नाही हे स्वतः वाचून पाहणे, हाच तुमच्यासाठी जवळचा मार्ग आहे.