'डॉक्टर हू'चे जुने भाग हरवलेत, मग पहिल्या दोन डॉक्टरांच्या कथा बघायच्या कशा?

तुम्ही विचारलंय की 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेचे 1960 च्या दशकातले बरेच भाग बीबीसीने पुसून टाकले, तर ते सोडून थेट 1970 पासून, म्हणजे रंगीत काळापासून सुरुवात केली तर चालेल का. माझं मत विचाराल तर अजिबात नको. डॉक्टरची भूमिका करणारे पहिले दोन नट, विल्यम हार्टनेल आणि पॅट्रिक ट्राउटन, यांचे मिळून 253 भाग झाले. 2013 मध्ये नायजेरियातल्या जोस शहरात 9 भागांची रिळं मिळाली, त्यानंतर हरवलेल्यांचा आकडा 97 वर आला. पण हरवलंय ते चित्र. आवाज एकूण एक भागाचा शिल्लक आहे, कारण त्या काळी इंग्लंडमधल्या काही चाहत्यांनी मालिका चालू असताना घरच्या टेप रेकॉर्डरवर आवाज टिपून ठेवला होता. कुणी टीव्हीसमोर मायक्रोफोन धरला, तर कुणी सेटमधून तार काढून थेट जोडणी केली. या दुसऱ्या प्रकारातली मुद्रणं आजही थक्क करण्याइतकी स्वच्छ आहेत.

भाग पुसले गेले त्यामागे कुणाचा दुष्टावा नव्हता. भाग 2 इंची व्हिडिओटेपवर मुद्रित व्हायचे. टेप महाग, म्हणून ती पुसून पुन्हा वापरायची हा शिरस्ता होता. परदेशी विक्रीसाठी मॉनिटरसमोर फिल्म कॅमेरा लावून 16 एमएमच्या प्रती काढत, आणि आज जे भाग दिसतात ते बहुतेक या प्रतींमुळेच. पुढे रंगीत प्रक्षेपण आलं, कृष्णधवल मालिकांना गिऱ्हाईक उरलं नाही, विक्रीच्या हक्कांची मुदतही संपली. मग 1978 पर्यंत या फिल्मही फेकल्या गेल्या. टेप सांभाळणाऱ्यांना वाटलं फिल्म आहेत, फिल्मवाल्यांना वाटलं मूळ टेप असतील. दोन्ही गेलं.

आता कामाचं. चित्र नसलेल्या भागासाठी तुमच्या हाती तीन प्रकारचं साहित्य येतं: आवाजाच्या सीडी, ॲनिमेशन आणि टेलिस्नॅप.

टेलिस्नॅप म्हणजे प्रक्षेपण चालू असताना टीव्हीच्या पडद्याचे काढलेले फोटो. जॉन क्युरा नावाचे छायाचित्रकार हे पैसे घेऊन करत आणि दिग्दर्शक-निर्माते आपल्या कामाची नोंद म्हणून ते विकत घेत. एका भागाचे साधारण 60 ते 80 फोटो. भाग 25 मिनिटांचा, म्हणजे 1500 सेकंद. 70 फोटो धरले तर एक फोटो सरासरी 21 सेकंद पडद्यावर थांबतो. संवादाच्या दृश्यात हे सहज चालून जातं. पंचाईत होते ती झटापट किंवा पाठलाग असला की: नुसते पावलांचे आवाज आणि संगीत, आणि समोर एकच गोठलेला चेहरा. म्हणून चाहत्यांनी फोटो आणि आवाज जोडून केलेल्या पुनर्रचनांमध्ये खाली वर्णनाची ओळ सरकत असते. ती वाचत राहा, नाहीतर कोण पडलं आणि कुणी दार लावलं ते कळत नाही. सीडीवर हेच काम निवेदन करतं. पहिल्यांदा ऐकताना निवेदनासकटच ऐका.

ॲनिमेशनबद्दल एक सावधगिरी. आवाज मूळचा असला तरी चित्र नवं आहे, आणि काही ठिकाणी दृश्यं बदलली किंवा गाळली आहेत. 'द मॅक्रा टेरर'च्या ॲनिमेशनमध्ये तसं झालंय. मूळ दिग्दर्शकाने कॅमेरा कुठे ठेवला होता हे जाणून घ्यायचं असेल तर ॲनिमेशन बघून झाल्यावर त्याच भागाचे टेलिस्नॅप चाळा. डिस्कवर रंगीत आणि कृष्णधवल अशा दोन्ही आवृत्त्या असतील तर कृष्णधवल निवडा, शेजारच्या अस्सल भागाशी सांधा जुळतो.

सुरुवात 'द टेन्थ प्लॅनेट'पासून करा. 1966 ची चार भागांची कथा, पहिले तीन शाबूत, चौथा ॲनिमेशनमध्ये. मालिकेत डॉक्टर रूप पालटतो आणि त्याच्या जागी नवा नट येतो; हार्टनेलचा डॉक्टर बदलून ट्राउटनचा होतो ते क्षण याच चौथ्या भागात होते. भाग गेला, पण तेवढे काही सेकंद वाचले, कारण 1973 मध्ये 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमात ते दाखवले होते. त्यानंतर लगेच 'द पॉवर ऑफ द डालेक्स' लावा. त्याचे सहाही भाग हरवलेले, सहाही ॲनिमेशनमध्ये उपलब्ध. 'फ्युरी फ्रॉम द डीप'चंही तसंच. फक्त त्यातली सगळ्यात भीतिदायक दृश्यं खरीखुरी बघायला मिळतात. ऑस्ट्रेलियाच्या सेन्सॉरने ती कापली आणि कापलेले तुकडे तिथल्या सरकारी दफ्तरात जपून राहिले.

मग 'मार्को पोलो'. 1964 ची, सात भागांची, सगळे गेलेले. ही मला फार जवळची. दिग्दर्शक वारिस हुसेन लखनौचे, मालिकेची पहिली कथाही त्यांचीच. सातपैकी सहा भागांचे टेलिस्नॅप त्यांच्या संग्रहात टिकले. चौथ्याचे नाहीत, कारण तो जॉन क्रॉकेट यांनी दिग्दर्शित केला होता. त्या भागाला पुनर्रचनेत इकडचे-तिकडचे फोटो वापरलेत, तेव्हा पोशाख मध्येच बदलल्यासारखा वाटला तर गोंधळू नका.

टीव्हीची एक सेटिंग आधीच बघून घ्या. मूळ व्हिडिओत सेकंदाला 50 अर्ध-चित्रं होती, फिल्म प्रतीत ती 25 झाली, म्हणून हालचाल सिनेमासारखी दिसते. अधिकृत डिस्कवरच्या अनेक भागांत विडफायर नावाच्या प्रक्रियेने व्हिडिओची मूळ सलग हालचाल परत आणलेली आहे. त्यावर टीव्हीने स्वतःची 'मोशन स्मूदिंग' (हालचाल आपोआप गुळगुळीत करणारी सेटिंग) चढवली की हलणाऱ्या हातांच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात. ती बंद ठेवा.

12 भागांची 'द डालेक्स मास्टर प्लॅन' सगळ्यात शेवटी. निर्मात्यांनी टेलिस्नॅप घेतलेच नव्हते, त्यामुळे इथे बराचसा भार आवाजावर आहे. 25 डिसेंबर 1965 चा सातवा भाग तर परदेशात विकायच्या संचातही नव्हता, तेव्हा त्याचं रीळ कुठे सापडण्याची आशा जवळपास नाही. रात्री दिवा घालवून, हेडफोन लावून, दिवसाला एकच भाग ऐका. सलग चार भाग ऐकले तर पात्रांचे आवाज एकमेकांत मिसळतात आणि नवव्या भागापर्यंत कोण कुठल्या ग्रहावर आहे याचा पत्ता राहत नाही.